अंगात किरण घेऊन जानेफळला

मुंबईहून जानेफळला यायला एक रात्र आणि एक दिवस पुरतो. आम्हाला सहा दिवस लागले, आणि त्याचं सगळं श्रेय आमच्या ह्यांना आहे. हे पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. तीस वर्षं लोकांची पत्रं ज्याच्या त्याच्या हाती बिनचूक पोचवली, पण स्वतःच्या बायकोला सरळ घरी पोचवणं काही त्यांना जमलं नाही.

ज्यांनी हा प्रवास केला नाही, आणि कुणाला करावा न लागो, त्यांच्यासाठी लिहिते आहे. मी जानेफळच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण, वय पन्नास. गेल्या पावसाळ्यात माझ्या घशात गाठ निघाली आणि ती कॅन्सरची ठरली. पूर्वी आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे नागपूर गाठायचं. आता नवं राज्य झालं, मुंबई आपली झाली, तेव्हा दुखणंही मुंबईलाच न्यायचं असं ह्यांनी ठरवलं. मला विचारलं नाही, पण मी नाही म्हणाले असते असंही नाही.

मुंबई

तिथे त्या उपचाराला सगळे 'शेक' म्हणत. प्रत्यक्षात तिथे काही शेकत नाही. गार खोलीत टेबलावर निजायचं, यंत्राचं ते धूड फिरवून मानेवर आणायचं, आणि मग बाकीच्या सगळ्यांनी बाहेर पळून जाऊन जाड दार लावून घ्यायचं. आत मी एकटी. काही दिसत नाही, काही लागत नाही. थोडी घरघर होते आणि थांबते. पहिल्या दिवशी मला वाटलं, यंत्र बिघडलेलं आहे आणि ही माणसं सांगायला लाजताहेत.

तिसऱ्या आठवड्यात कळलं की काही बिघडलेलं नव्हतं. मानेची कातडी भरताच्या वांग्यासारखी काळी पडली. तोंडातलं पाणी आटलं. जिभेची चव गेली; भात, दूध, केळं, सगळं ओल्या कागदासारखं लागायचं आणि घशाखाली जाताना काचेसारखं कापत जायचं. शेक मानेवर म्हणून गळ्यातली मंगळसूत्राची पोत काढून ह्यांच्या कोटाच्या खिशात गेली होती. मग एके दिवशी नळाखाली हात धरला, तर दोन्ही हातांतल्या बांगड्या घसरून मोरीत पडल्या आणि फुटल्या. अडीचच्या मापाच्या बांगड्या, ज्या एरवी साबण लावूनही निघायच्या नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या कोकणातल्या बाईंनी न बोलता केरसुणी घेतली आणि काच गोळा केली. मुंबईचं मला हे आवडलं. तिथे कुणी 'अगंबाई' करत नाही. आमच्या गावात असं झालं असतं तर संध्याकाळपर्यंत घर बायकांनी भरलं असतं.

सहा आठवड्यांनी यंत्रावरच्या बाईंनी सांगितलं, "संपलं. उद्यापासून येऊ नका." बस, एवढंच. माझ्या मानेवर रोज जांभळ्या शाईने रेघा मारणारी ही बाई. निदान हात तरी हातात घेईल असं वाटलं होतं. तिने पुढच्याला हाक मारली.

डॉक्टरांनी मात्र यादीच दिली. महिनाभर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. मानेला साबण, तेल, हळद काही लावायचं नाही. तिखट नाही, गरम नाही. "पण खायचं भरपूर," ते म्हणाले. "किरण बंद झाले, तरी त्यांचं काम आत महिना-दीड महिना चालूच राहणार. शरीरानं त्याला पुरं पडलं पाहिजे. अंगावर मांस चढवा आणि होळीच्या आधी दाखवायला या. तोवर नाही चढलं तर..." तेवढ्यात कुणीतरी त्यांना बोलवायला आलं आणि ते उठून गेले. त्या अर्ध्या वाक्यावर मी दोन महिने काढले.

हे सगळं आमच्या ह्यांनी वहीत उतरवून घेतलं. बाहेर आल्यावर मी एक पाटी आणि पेन्सिलींचा डबा घेतला, आणि ह्यांनी पोस्टात जाऊन कार्डं घेतली. ती कार्डं मी तेव्हाच हिसकावून घ्यायला हवी होती.

नांदुरा

रेल्वेचं वर्णन करत नाही. सकाळी नांदुऱ्याला उतरलो आणि हे जळगाव जामोदच्या एस.टी.कडे चालू लागले. मी त्यांचा कोट ओढून पाटी पुढे धरली: 'जानेफळ दक्षिणेला आहे. ही गाडी उत्तरेला जाते. भूगोल मी शिकवते.'

"मले काय मालूम नाई का?" हे म्हणाले. "आक्काले पत्र टाकून ठेवलं हाये. दोन दिवस तथी राहू. आक्काच्या हातचं खाल्लं का तू बाळसं धरशीन."

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. जी बाई मिरचीची भाजी लहान मुलांना भरवते, तिच्या हातचं मी खाणार. मी पाटीवर आणखी काही लिहिलं, पण ते इथे देत नाही.

एस.टी.त समोर बसलेली एक बाई माझ्या रिकाम्या गळ्याकडे पाही, रिकाम्या हातांकडे पाही, मग कपाळावरच्या कुंकवाकडे पाही आणि तिचा हिशेब जुळेना. शेवटी तिने ह्यांना विचारलं, "भाऊ, बहीन का तुमची?"

मी पाटीवर लिहिलं, 'बायको. सत्तावीस वर्षं. अजून सुटका नाही.'

ह्यांनी वाचून दाखवलं, "मिसेस हायेत आमच्या. प्रकृती बरी नाई." ही त्यांची रीत. सबंध प्रवासभर मी पाटीवर जे लिहिलं त्यातला एक शब्दही ह्यांनी सरळ वाचला नाही. तीस वर्षं दुसऱ्यांचं एकही पत्र न फोडणारा माणूस, बायकोचा मजकूर मात्र वाटेत बदलत होता.

मग त्यांना गाडीभर श्रोते मिळाले. यंत्र केवढं, दार किती जाड, डॉक्टर काय म्हणाले, सगळं सांगून झालं. कंडक्टर तिकिटं फाडायची थांबला. "काऊन हो मास्तर," तो म्हणाला, "बाईचा हात लागला त करंट लागीन का?"

आता ह्यावर 'नाही' म्हणायला काय जातं? पण आमच्या ह्यांना प्रत्येक प्रश्नाचा विचार करायची खोड. ते म्हणाले, "तसं सध्या सांगता येत नाई. काम आत चालू हाये."

माझ्या शेजारची बाई पोर उचलून मागे गेली. समोरचीनेही पाय वर घेतले. मी दोन माणसांच्या बाकावर एकटी ऐसपैस बसून पूर्णा नदीपलीकडे गेले. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, मधूनच एखादं राहिलेलं बोंड, आणि पुढे उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. त्या प्रवासातला एवढाच एक सुखाचा तास, आणि तोसुद्धा लोक घाबरले म्हणून मिळालेला.

जळगाव जामोद

आक्काचं घर कापसाचं. पौषात त्यांच्या मधल्या खोलीत खिडकीपर्यंत कापूस भरलेला असतो आणि बाकीचं घर त्याच्या कडेकडेने राहतं. आक्का दारात उभी होती. मला पाहून तिने तोंडाला पदर लावला आणि रडू लागली. मी पाया पडायला पुढे झाले, तशी ती दोन पावलं मागे सरली. मला वाटलं, रडण्यात लक्ष नसेल.

माझी खाट कापसाच्या खोलीत टाकली होती. इतकी मऊ, उबदार, शांत जागा मला कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती. मी कापसाच्या ढिगाला पाठ टेकून झोपले. जाग आली ती आक्काचा मुलगा वसंता दारात उभा राहून खाकरत होता म्हणून. तो शेतातून आला होता आणि त्याच्या हातात एक पोस्टकार्ड होतं.

"मामी, राग नका मानू," तो म्हणाला. "तुम्ही जरा बाहीर येता का? खोलीत कापूस हाये."

मी हातानेच विचारलं, मग काय झालं?

"नाई, म्हंजे... एखांदी ठिनगी उडाली त वर्षाचं पीक जाईन."

आधी मला कळलंच नाही. कळलं तेव्हा हसू आलं, आणि हसायचीही बंदी होती. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मी चूल नाही.' ह्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "ती म्हन्ते, काई हरकत नाई."

खाट ओसरीवर आली. उशाशी वसंताने पाण्याने भरलेली बादली आणून ठेवली. मला वाटलं, हातपाय धुवायला असेल. संध्याकाळी मी तिच्यात तांब्या बुडवला, तर तो धावत आला आणि म्हणाला, "ते राहू द्या मामी, ते अडीअडचनीले हाये."

तिथल्या जेवणाबद्दल लिहायचं तर वासाबद्दलच लिहावं लागेल. आत पातोड्यांची रस्सेदार भाजी उकळत होती, कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या, मिरच्या भाजल्याचा तिखट वास घरभर सुटला होता. चव गेली तरी नाक शाबूत होतं, हा आणखी एक छळ. माझ्यासाठी आक्काने ज्वारीच्या कण्या शिजवल्या होत्या, ताक घालून, अगदी मऊ, अगदी मन लावून. पण ती थाळी तिने चौकात उतारा ठेवावा तशी दोन हात लांब ठेवली आणि मागे सरकून उभी राहिली. "खाय व माय," ती म्हणाली, आणि पुन्हा डोळ्यांना पदर लावला. प्रेम आणि भीती एकाच बाईत एवढी भरलेली मी कधी पाहिली नव्हती. निव्वळ दुष्ट माणसावर रागावणं किती सोपं असतं. मी चार घास गिळले. पाचवा घशात अडकला.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. आक्काकडे आळीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. वऱ्हाडात काय आणि पुण्यात काय, या दिवशी सवाष्णीला कुंकू लावणारी बाई तिचं तोंड आपल्या हातात धरते, हनुवटीला हात लावते, बोट टेकवते. मी शाळेत गेली पंचवीस वर्षं स्वतःला सुधारलेली समजत आले. कुंकू नाही लागलं तर काय अडतं, असं मुलींना सांगितलंही असेल. आक्काने सगळ्यांना लावलं, मग ओसरीवर आली, कागदाची पुडी पायरीवर ठेवली आणि म्हणाली, "तुह्या हातानं लाव व यमुने."

मी लावलं. आरसा नव्हता, वाकडं लागलं. बायका आतून पाहत होत्या. मला फार वाईट वाटलं. यंत्राच्या खोलीत दार लावून सगळे पळून जात तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं, कारण घरघर थांबली की ते परत येत.

बायका गेल्यावर मी उठून भिंतीवरच्या तारेच्या आकड्याला लावलेली पत्रं पाहिली. सगळ्यांत वर ह्यांचं कार्ड, ह्यांच्याच सुरेख अक्षरात: 'सौ. हिला पूर्ण शेक देऊन झाला. अंगात किरण सोडले असून ते महिना-दीड महिना आतून काम करीत राहतील. तिच्याजवळ गरम वस्तू आणू नये. गुरुवारी येत आहोत. कळावे.'

मी ते कार्ड आणि पाटी ह्यांच्या मांडीवर आपटली. पाटी दोन्ही बाजूंनी भरलेली होती. ह्यांनी पहिल्यांदाच ती मोठ्याने न वाचता मनात वाचली.

"मी त डॉक्टरचेच शब्द लिहिले," ते म्हणाले.

'डॉक्टर खाण्याबद्दल सांगत होते.'

"कारडात जागा कमी राह्यते," ते म्हणाले. मग कार्ड पुन्हा आकड्याला लावून, "मी आक्काले समजावून सांगतो."

'किती कार्डं टाकलीत?'

"सातच."

त्यांनी आक्काला समजावलं. आक्काने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि निघताना ओटीचे तांदूळ माझ्या पदरात दोन हात लांबून टाकले. अर्धे खाली सांडले.

उंद्री

परतीच्या वाटेवर खामगावला गाडी बदलली. उंद्री माझं माहेर. तिथे धाकटा भाऊ आणि भावजय. तिथेही कार्ड पोचलेलं होतंच. आमचं पोस्ट खातं नको तेव्हा कधीच चुकत नाही. भावजय बिचारी चांगली. तिने मला घरात घेतलं, पाट दिला, फक्त रॉकेलचा डबा आधीच शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला होता. हे मला भावाकडून नंतर कळलं.

जेवायला बसले. गरगटलेला भात आणि दूध. अर्धी वाटीही संपली नाही. भावजय माझ्या मनगटाकडे पाहत होती आणि मी पाहते आहे असं दिसताच दुसरीकडे बघत होती. मनगटाचं हाड वर आलं होतं. होळीला अजून सहा-सात आठवडे होते, आणि मी मुंबईहून निघाले तेव्हापेक्षा वाळलेच होते.

तेवढ्यात दारातून हाक आली, "घरात कोन हाये व?" आणि डोक्यावरची टोपली उतरवत जैतूनबी आत आली.

जैतूनबी उंद्रीची मणियारीण. माझ्या पहिल्या बांगड्या तिच्या सासूने भरल्या, लग्नाचा चुडा जैतूनबीने भरला. आता तिला डोळ्यांनी कमी दिसतं, पण ती बांगड्या डोळ्यांनी भरतच नव्हती कधी. तिला वाचता येत नाही, तेव्हा ह्यांच्या कार्डाचा तिच्यावर काही परिणाम होण्यासारखा नव्हता. ती सरळ माझ्यासमोर बसली आणि माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"जैतूनबी, जरा जपून," भावजय म्हणाली. "त्यायच्या अंगात बिजली सोडली हाये."

जैतूनबीने माझा हात उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याचा सांधा दाबला. "मले त काई लागून नाई राह्यलं," ती म्हणाली. "हात माह्या यमूचाच हाये. निस्ता वाळला."

आक्काकडेसुद्धा मी रडले नव्हते. आता डोळ्यांतून पाणी आलं. तोंडातलं सगळं आटलं होतं, पण डोळ्यांतलं नव्हतं, हे त्या दिवशी समजलं.

तिने टोपलीतून हिरव्या बांगड्या काढल्या. भावजय म्हणाली, "अडीचच्या नका घेऊ, ढिल्या होतीन. सव्वादोनच्या भरा." बोलणं बरोबरच होतं. मीही बोटांनी तसंच खुणावलं.

"नाई," जैतूनबी म्हणाली. "तिचं माप अडीच. लहान भरल्या त हात तेवढाच राह्यते. त्याले वाटते आता इतकंच व्हायचं हाये. त्याले जागा दिसली पाह्यजे."

हे काय शास्त्र, असं मला पाटीवर लिहायचं होतं, पण हात तिच्या ताब्यात होता. एरवी तिने माझ्या हाताला तेल लावून, बोटं मुडपून, मला 'हाय हाय' करायला लावून बांगड्या चढवायच्या. या वेळी एकेक बांगडी आपोआप सरकली. तिच्या जन्मात इतक्या सोप्या बांगड्या तिने कुणाला भरल्या नसतील, आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं. ती प्रत्येक बांगडीला मुद्दाम थांबून माझा सांधा दाबत होती, जशी काही अडचण आहे.

दोन्ही हात भरले. मी हात खाली सोडला, तर सगळ्या बोटांवर आल्या. मग तिने टोपलीत हात घालून दोन सव्वादोनच्या काढल्या आणि पुढून एकेका हातात चढवल्या. त्या मनगटावर बरोबर बसल्या, आणि मागच्या ढिल्या त्यांच्यामागे अडल्या.

"हे पहाऱ्यावर," ती म्हणाली. "मागच्यायले पडू नाई देनार. हे रुतू लागली का मंग फोड. तोवर नाई."

"किती दिवस लागतीन?" ह्यांनी विचारलं.

"ते मले काय पुसता मास्तर," जैतूनबी म्हणाली. "खाऊ घाला न तिले."

जानेफळ

पुढे प्रवास संपतो. पण मला तसा तो संपला असं वाटत नाही, म्हणून घरचं थोडं सांगते.

घरी आल्यावर ह्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. जैतूनबीचं वाक्य त्यांनी सरकारी हुकूम समजून पाळायला घेतलं. दर दोन तासांनी वाटी. कण्या, खीर, मुगाचं वरण, पुन्हा कण्या. वाटीबरोबर बोलणंही. चुलीशी बोलत, पातेल्याशी बोलत, रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून बोलत. एके दिवशी मी पाटीवर लिहिलं, 'जरा गप्प बसाल का?'

ते वाटी ढवळत होते. म्हणाले, "तू शेकाच्या खोलीत गेली का मी दाराबाहीर उभा राह्यचो. ते दार इतकं जाड का आतलं काई आयकू नाई यायचं. आता घरात बी काई आयकू येत नाई. म्हनून मीच बोलतो."

मी पाटी पुसली. रागावायला एवढं मोठं कारण हातचं गेलं, याचंही मला थोडं वाईट वाटलं.

पण मी खात होते असं नाही. गिळत होते. पहाऱ्यावरची बांगडी रोज सकाळी पाहायचे, ती मनगटावर तशीच गोल फिरायची. गावातल्या बायका येत, सल्ले देत. एकीने मानेला लावायला हळद-लोणी आणलं, ते मी तिच्यासमोर मांजराला घातलं. कार्डं गेलेल्या सात घरांतल्या चार घरांनी भेटायला माणूस पाठवला, आणि चारही जण अंगणातच उभे राहून बोलून गेले.

महिना संपायला चार दिवस होते. दुपारची गोष्ट. ह्यांनी कण्यांची वाटी दिली आणि दारात कुणाला तरी माझी हकीकत सांगायला गेले. मी पहिला घास घेतला आणि तोंडातून शब्द गेला: "खारट."

आवाज माझा नव्हता, दाराच्या बिजागरीचा असावा तसा होता. हे दारातून धावत आले. "बोलायचं नाई, बोलायचं नाई, चार दिवस हायेत अजून," म्हणता म्हणता थांबले. वाटीतलं बोटाने चाटून पाहिलं. बोलण्याच्या नादात त्यांनी मीठ दोनदा घातलं होतं.

"खारट त हायेच," ते म्हणाले आणि खाली बसले. "तुले समजलं?"

मी आणखी एक घास घेतला. खारट. कडवट नाही, कागदासारखं नाही, चांगलं खारट. त्या दिवशी मी ती सगळी वाटी संपवली आणि रिकामी वाटी पुन्हा पुढे केली. हे चुलीशी पाठमोरे बसून बराच वेळ डोळे पुसत होते आणि ओल्या लाकडांचा धूर झाला म्हणून सांगत होते. चुलीत लाकडं नव्हती, कोळसे होते.

मग मिठामागून गोड आलं, गोडामागून आंबट. चिंचेच्या नुसत्या नावाने तोंडाला थोडं पाणी सुटलं, तेव्हा मी शेजारणीला बोलावून ते सांगितलं. पाटीवर नाही, तोंडाने. फेब्रुवारीत जळगाव जामोदहून एस.टी.च्या टपावर टाकून एक गादी आली. नव्या कापसाची, त्याच खोलीतल्या. बरोबर वसंताच्या हाताची चिठ्ठी: 'आई विचारते, मामी आता गार झाल्या का? झाल्या असतील तर होळीनंतर येते आणि कुंकू लावते.' मी उत्तरादाखल ह्यांना कार्ड लिहू दिलं नाही. स्वतः लिहिलं: 'झाले. या. बादली आणू नका.'

होळीला आठ दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला दाखवायला निघायचं होतं. ट्रंक भरत होते, तर डावं मनगट दुखू लागलं. पाहते तर पहाऱ्यावरची बांगडी रुतली होती. फिरत नव्हती. तिच्याखाली कातडीवर लाल वण उठला होता, आणि मागच्या अडीचच्या बांगड्या मनगटावर नीट बसल्या होत्या. उजव्या हाताचंही तेच.

मी ह्यांना हाक मारली. ते साबण घेऊन आले. ओढून पाहिलं, पिळून पाहिलं. "राहू दे," ते म्हणाले. "मुंबईले एखांदी नर्स काढीन सावकास."

मी पाट्यापाशी बसले, हात त्याच्या कडेला टेकवला आणि वरवंटा उचलला.

"अवं, काय करून राह्यली?" ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "मी समोर जिता उभा हाये न."

"मीबी हाये," मी म्हटलं आणि बांगडी फोडली. मग दुसरी.

हे उकिडवे बसले आणि माझ्या पायांत जाऊ नये म्हणून काच वेचू लागले.